साडेसहा मिलिमीटर

१

मेलेल्या हाडाचं वजन घटत नाही, एवढी एक गोष्ट तरी जगात भरवशाची होती. म्हणून बुधवारी सकाळी एकेचाळीस नंबरचं हाड अकरा ग्रॅमनी हलकं भरलं तेव्हा भाचीने आधी वजनकाट्याला शिव्या घातल्या. चाचणीची पितळी वजनं ठेवून पाहिली. काटा बिचारा बरोबर होता. मग तिने भांडारपाल बाईंना शिव्या घातल्या, पण त्या मनातल्या मनात, कारण बाई समोरच बसून चष्मा पुसत होत्या.

संग्रहालयात सगळे तिला भाचीच म्हणत. तिच्याकडे जीवाश्मशास्त्रातली पदवी होती, वर सुवर्णपदक होतं, आईबापांनी ठेवलेलं सणसणीत नावही होतं. पण मामा बावीस वर्षं इथे संचालक होते, आणि निवृत्तीनंतरही सल्लागार म्हणून खुर्चीला गोचिडीसारखे चिकटून होते. त्यामुळे तिकीट फाडणाऱ्यापासून नव्या संचालकापर्यंत सगळ्यांची ती भाची. मामांच्या वशिल्याने लागली, असंही सगळे म्हणत. ते खरं होतं, आणि त्यामुळे तिला आणखी चीड यायची.

काम सोपं आणि कंटाळवाणं होतं. चाळीस वर्षांपूर्वी मामांनी एका गुहेतून दोनशे बारा हाडं खणून काढली होती. हरणांची, रानबैलांची, घोड्यांची, पन्नास हजार वर्षं जुनी. ती आता नव्या दालनात मांडायची होती. एकेक हाड धुवायचं, पातळ डिंकात बुडवायचं, तळघरातल्या लांब टेबलावर वाळत घालायचं आणि रोज सकाळी तोलायचं. ओलावा उडेल तसं वजन उतरतं. तीन दिवस तोच आकडा आला की हाड वाळलं. मग वहीत खूण करायची आणि हाड पेटीत टाकायचं. एकेचाळीस नंबर शनिवारपासून तीनशे चौऱ्याऐंशीवर ठाम होतं. काल ते पेटीत घालायचं राहून गेलं, आणि आज तीनशे त्र्याहत्तर.

तिने हाड दिव्याखाली फिरवलं. सगळ्या हाडांवर असतात तसेच चरे यावरही होते: रुंद, सपाट, जोडीजोडीने, एकमेकांना समांतर. जुने चरे हाडाच्याच रंगाचे, चहाच्या डागासारखे तपकिरी. पण एका टोकाला चार चरे पांढरे होते. खडू मोडल्यावर आत दिसतो तसे पांढरे.

"बाई, याला कुणी हात लावला होता?"

"कोण लावणार? काल पाच वाजता मी कुलूप घातलं, आज मीच काढलं." बाईंनी चष्मा नाकावर चढवला आणि टेबलाकडे पाहिलं. "रात्रभर उघडंच ठेवलंस होय ते?"

"हाडं वाळायला हवा लागते, बाई."

"वाळलेलं हाड संध्याकाळी लोखंडी कपाटात जायला पाहिजे. सरांचा, तुझ्या मामांचा, नियम आहे."

"सरांचे नियम!" भाची म्हणाली. "सरांचा तर तळघरात शिट्टी वाजवायची नाही असाही नियम आहे. कारण विचारलं की म्हणतात, सांगितलं ना एकदा."

"मग सांगितलंय ना एकदा," बाई म्हणाल्या आणि पुन्हा चष्मा पुसायला लागल्या.

भाचीने वहीत तीनशे त्र्याहत्तर लिहिलं, पुढे प्रश्नचिन्ह काढलं, आणि कुठल्या तरी अडाण्याने खरवडताना हाड बिघडवलं असणार असं ठरवून टाकलं. या इमारतीत अडाण्यांचा तुटवडा नव्हता.

२

खरी लढाई वरच्या मजल्यावर चालली होती, आणि ती एका पाटीवरून होती.

मामांनी त्या चऱ्यांवर नाव कमावलं होतं. हे चरे आदिमानवाने दगडी पटाशीने पाडले, ही त्याची अवजारं, असा निबंध त्यांनी चाळीस वर्षांपूर्वी वाचला आणि रातोरात मोठे झाले. शाळेच्या पुस्तकात त्यांचा फोटो होता: हातात हाड, चेहऱ्यावर आदिमानवाचा बाप असल्याचा भाव. भाचीला ते चरे पहिल्याच आठवड्यात ओळखू आले होते. कुणालाही आले असते, डोळे उघडे ठेवले तर. साळिंदर वाळकी हाडं गोळा करून बिळात नेतं आणि कुरतडत बसतं. त्याला चुना लागतो, दातही झिजवावे लागतात. अवजारं नव्हतीच ती. एका कुरतडणाऱ्या प्राण्याचा उकिरडा होता, आणि त्यावर एका माणसाने आयुष्याचा बंगला बांधला होता.

दालनातल्या पाटीचा मसुदा तिच्याकडे आला तेव्हा तिने मामांचं 'आदिमानवाने घडवलेली हाडांची अवजारे' खोडून 'साळिंदराने कुरतडलेली हाडे' असं लिहिलं आणि पाठवून दिलं. याला तीन आठवडे झाले होते. शुक्रवारी अकरा वाजता समिती बसून पाटी कायम करणार होती. तिचा शब्द लागला तर पंचविसाव्या वर्षी तिने एक मोठं खोटं पाडलं असं झालं असतं. नाही लागला तर ती जन्मभर भाची.

"ये," मामा म्हणाले. ते खुर्चीत बसून नडगी चोळत होते. हल्ली ते सारखी नडगी चोळत. म्हाताऱ्या माणसांना बोलायला विषय नसला की त्यांचं काहीतरी दुखतंच, असं भाचीचं निरीक्षण होतं.

"एकेचाळीस नंबर खराब झालंय," तिने सांगितलं. "कुणीतरी खरवडलंय."

मामांचा हात नडगीवर थांबला. "कपाटात नव्हतं?"

"तुम्ही सगळे एकच रेकॉर्ड का लावता? नव्हतं कपाटात."

त्यांनी हात सावकाश मागे घेतला. मग नेहमीच्या मास्तरी आवाजात म्हणाले, "तुझ्या त्या प्राणिसंग्रहालयातल्या जनावराच्या दाताची रुंदी किती भरली?"

"साडेचार मिलिमीटर."

"आणि आपल्या हाडांवरच्या चऱ्यांची?"

"साडेसहा. दोनशे बाराही हाडांवर. माणसाच्या हातून इतकं एकसारखं होतं का कधी?"

"विषय बदलू नकोस. साडेचारचा दात साडेसहाचा चरा कसा पाडेल?"

"तो जिवंत जातीचा दात आहे, मामा. त्या काळी दीडपट मोठं साळिंदर होतं, ते नामशेष झालं. त्याच्या दोन दाढा तुमच्याच गुहेत निघाल्यात. तुम्हीच काढल्यात आणि तुम्हीच सतरा नंबरच्या खणात पुरून ठेवल्यात."

"दाढेने चरे पडत नाहीत. पटाशीचा दात दाखव. आहे?"

"नाही."

"मग झालं तर."

"झालं कसं? चाळीस वर्षं केलेली चूक बरोबर होत नाही. ती फक्त जुनी होते."

एरवी या वाक्यावर मामांनी टेबलावर मूठ आपटली असती. ती वाटच पाहत होती. पण ते खिडकीकडे बघत राहिले.

"तू काहीही लिही," ते म्हणाले. "'कर्ता अज्ञात' लिही. 'निसर्गनिर्मित' लिही. मी समितीत ब्र काढणार नाही. फक्त तो एक शब्द लिहू नकोस."

"कुठला?"

मामांनी तो उच्चारला नाही. "तुला माहितीये," म्हणाले.

भाचीला हसू आलं. माणूस आयुष्यभर हाडांशी बोलला, आणि शेवटी एका शब्दाला घाबरायला लागला!

३

केवळ मामांची जिरवायची म्हणून त्या संध्याकाळी तिने दोन हाडं मुद्दाम उघडी ठेवली. जुनी नव्हेत, नवी. खाटकाकडून आणलेली म्हशीच्या पायाची आठ हाडं तिने उकळून, चरबी काढून, उन्हात कडकडीत वाळवली होती. त्यातली सहा प्राणिसंग्रहालयातल्या साळिंदराला कुरतडायला दिली. दोन तुलनेसाठी कोरी ठेवली होती. ती कोरी दोन तिने टेबलाच्या मधोमध मांडली, आणि बाईंनी कुलूप घालताना त्यांच्या हाताकडे नीट पाहून घेतलं.

गुरुवारी सकाळी दोन्ही हाडं टेबलावरच होती. कोरी नव्हती.

एकाचं टोक पार झिजून गेलं होतं, आतली जाळी दिसत होती. दुसऱ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत चरे होते, जोडीजोडीने. टेबलाखाली लादीवर पिठासारखा पांढरा भुगा पडला होता. भाचीने चऱ्यांची रुंदी मोजायला कॅलिपर काढला. तिचा हात स्थिर होता, त्याचा तिला अभिमान वाटला. साडेसहा. पुढचा चरा, साडेसहा. तिने अकरा चरे मोजले, आणि मग मोजायचं थांबवलं, कारण बारावा काय भरणार ते तिला कळून चुकलं होतं.

"अरे वा," ती मोठ्याने म्हणाली.

चाल सरळ होती. म्हाताऱ्याने पटाशी घेऊन रात्री हे कोरलं. आता भाची आनंदाने नाचत समितीपुढे हे हाड नेणार, आणि समिती म्हणणार, पोरी, याच्यावर खाटकाच्या करवतीची खूण आहे, हे गेल्या महिन्यातलं हाड आहे. पन्नास हजार वर्षांपूर्वी मेलेल्या जनावराने हे कुरतडलं कधी? मग भाची खोटारडी ठरणार आणि सुवर्णपदक चुलीत. इतका हलकट डाव मामांना सुचला याचं तिला जरा कौतुकच वाटलं.

"बाई, मामा काल किती वाजता गेले?"

"दुपारी तीनलाच. पाय टेकवत नव्हता म्हणून मीच रिक्षा बोलावून दिली." बाई टेबलापाशी आल्या नाहीत. दारातूनच म्हणाल्या, "माझे आई, ते आत ठेव. तुझ्या पाया पडते."

"किल्ली आणखी कुणाकडे आहे?"

"कुणाकडे नाही."

"कुणाकडे तरी असणारच."

"असेल बाई. तू शिकलेली आहेस."

भाचीने हाड भिंगाखाली धरलं. पटाशीच्या चऱ्याचा तळ सपाट असतो, कडा उभ्या असतात. याचा तळ किंचित खोलगट होता. ठीक आहे, वाकड्या धारेची पटाशी असेल. मग तिने हाड उलटं केलं. मागच्या बाजूला, प्रत्येक जोडीच्या बरोबर पाठीमागे, दोन बारीक खळगे होते. कुरतडणारं जनावर वरचे दात हाडात रोवतं आणि खालच्यांनी खरवडतं. रोवलेल्या दातांचे हे खळगे. पुस्तकांत त्यांचा उल्लेखही क्वचित असतो. हे करायचं मामांना सुचणं शक्य नव्हतं. ते त्यांनी चाळीस वर्षांत कधी पाहिलंच नव्हतं.

ती स्टुलावर बसली. वर नव्या दालनात सुतार हातोडे मारत होते, आणि तो आवाज तिला पहिल्यांदाच बरा वाटला.

४

एक ते दोन जेवणाची सुट्टी. बाई डबा घेऊन वर गेल्या. "चल की," म्हणाल्या, नेहमीपेक्षा दोनदा जास्त. भाची म्हणाली, मला अहवाल लिहायचाय.

तळघरात लोखंडी मांडण्यांच्या नऊ रांगा होत्या आणि प्रत्येक रांगेवर एक ट्यूबलाइट. छताला लागून आडव्या काचा होत्या. त्यांतून रस्त्यावरचं ऊन आणि उभ्या सायकलींची चाकं दिसत. भयकथेला साजेसं तिथे काहीही नव्हतं. तिने दुसरं हाड टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवलं, स्वतः दाराजवळच्या खुर्चीत बसली आणि लिहायला लागली. कुणी येणार असेल तर दारातूनच येईल. आणि आला की ती त्याचं बखोट धरणार होती.

वीस मिनिटांनी तिला कळलं की आपण बराच वेळ एक आवाज ऐकतोय. सुताराला घाई नसली की तो रंधा मारतो तसा आवाज. एक लांब ओढ, मग थांबणं, मग पुन्हा एक ओढ. सुतारच, तिने ठरवलं. मग तिला आठवलं की एक ते दोन सुतारांचीही सुट्टी असते. मग पाण्याचा नळ. मग सायकलचं चाक. तिची बुद्धी एकेक कारण पुढे करत होती आणि आवाज त्या प्रत्येकासाठी थोडा थांबत होता, ऐकून घेतल्यासारखा.

तो नवव्या रांगेतून येत होता.

ती उठली. एक, दोन, तीन, रांगा ओलांडत गेली. आठव्या रांगेशी पोचली तेव्हा आवाज बंद झाला. नवव्या रांगेच्या तोंडाशी येऊन तिने आत पाहिलं. शेवटी, भिंतीला लागून, प्लास्टरच्या साच्यांची खोकी होती. त्यांच्या आडून काठ्यांचा एक जुडगा वर आला होता. बारीक काठ्या, काळ्यापांढऱ्या पट्ट्यांच्या, टोकाला निमुळत्या, तिच्या कमरेइतक्या उंच, शेकड्याने. जुन्या दालनातलं सजावटीचं सामान, तिने मनाशी म्हटलं. कोण कुठे काय कोंबून ठेवतं, या लोकांना शिस्त म्हणून नाही.

मग तो जुडगा आडवा झाला. पडला नाही. एका बाजूने सुरू होऊन दुसऱ्या बाजूपर्यंत, वाऱ्याने गवत झुकतं तसा, सावकाश निजला. आणि रिकाम्या रिफिलींनी भरलेला डबा कुणी हलवावा असा कोरडा, पोकळ खुळखुळाट झाला.

भाची वळली आणि चालत परत आली. धावली नाही. धावणं म्हणजे मान्य करणं, आणि तिने काहीच मान्य केलं नव्हतं. ट्यूबलाइट लुकलुकते, डोळे थकलेले, सकाळपासून पोटात काही नाही. ती टेबलापर्यंत पोचली.

दुसऱ्या टोकाला ठेवलेलं हाड तिथे नव्हतं.

ती वर जाऊन बाईंच्या शेजारी बसली. बाईंनी काही न विचारता अर्धा डबा तिच्यापुढे सरकवला. ती जेवली.

५

"या विदुषी," मामींनी दार उघडलं. संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. "मामाने दुपारपासून डोकं उठवलंय. बोलव तिला, बोलव तिला. काय जादू केलीस त्याच्यावर?"

"पाय कसा आहे, मामी?"

"आमच्याकडे सगळं गुपित. फोटो काढून आणलाय, मला दाखवत नाही. डॉक्टरही म्हणाला, असं मी कधी बघितलं नाही, मोठ्या डॉक्टरकडे जा. तूच बघ बाई, तुला हाडांतलं कळतं."

मामा पलंगावर होते, उजवा पाय दोन उशांवर. चेहरा मेणासारखा पिवळा. मामी चहा टाकायला गेल्याबरोबर त्यांनी गादीखालून मोठा लिफाफा काढला.

"खिडकीला धर."

भाचीने एक्स-रे खिडकीच्या काचेला लावला. बाहेर अजून चांगलं ऊन होतं. नडगीचं लांब हाड दिसलं, खाली घोट्याच्या गाठी. आणि हाडाच्या पुढच्या कडेने, गुडघ्याखालून अर्ध्यापर्यंत, पायऱ्या पायऱ्या. सपाट, समांतर, जोडीजोडीने.

"फिल्म नीट धुतलेली नाही," ती म्हणाली.

"दुसऱ्यांदा काढलाय. तेच आलं. मोज."

"मोजायचं काय त्यात? वय झालंय. या वयात हाडं विरळ होतात, कडा झिजतात."

"वरून कातडी बघ." त्यांनी धोतराचा काठ वर केला. नडगीवर एक ओरखडाही नव्हता. म्हाताऱ्याची चकचकीत, केस गळलेली, धड कातडी. "आता मोज. तू माझ्याहून हुशार आहेस, सगळ्यांना सांगत असतेस. मोज ना."

तिने खिशातून कॅलिपर काढला आणि काचेवर लावला. तिने आकडा सांगितला नाही. त्यांनीही विचारला नाही.

"कधीपासून दुखतंय?" कॅलिपर खिशात टाकत तिने विचारलं.

"तीन आठवडे."

तिने तीन आठवडे मागे मोजले, आणि तिला राग आला. तिला नेहमीच आधी राग येई.

"म्हणजे माझ्यामुळे? माझ्या एका शब्दाने तुमचा पाय दुखतो? मामा, ही हद्द झाली. आई असंच करायची. मी सहलीला जाते म्हटलं की तिच्या छातीत दुखायचं."

"मला नावाचं काही वाटत नाही गं. हवं तर माझा फोटो काढून टाक पुस्तकातून."

"तुम्हाला तेव्हाच माहीत होतं. हो ना? पहिल्या दिवसापासून. चरे दातांचे आहेत म्हणून."

मामांनी डोळे मिटले. "गुहेत आम्ही पाच जण होतो. तुझ्याहून लहान होतो. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी तो शब्द बोललं, तू लिहिलास तोच. झालं, तिथून..." ते थांबले. "मग आम्ही ठरवलं की अवजारं म्हणायचं. पाचही जणांनी. आणि मग बरं झालं."

"काय बरं झालं?"

"बरं झालं," मामा म्हणाले.

मामी चहा घेऊन आल्या. मामांनी तिच्या हातातली फिल्म घेऊन लिफाफ्यासकट उशीखाली सारली आणि बायकोकडे बघून हसले. त्यांचं ते हसू भाचीला अजिबात आवडलं नाही, कारण ते धीट होतं, आणि धीट असायचा त्यांना तिच्या लेखी काही हक्क नव्हता.

चहा तसाच ठेवून ती निघाली. जिन्यात तिने स्वतःला ठणकावून सांगितलं: पाच शहाणी माणसं एका खोट्यावर चाळीस वर्षं पोसली गेली. पदं, पदकं, परदेशवाऱ्या. आणि आता हिशोब द्यायची वेळ आली तर भुताची गोष्ट. वा रे विद्वान.

६

समितीत चौघं जण होते, मामा पाचवे. ते चौघंही गुहेतलेच. त्या दिवसांपासून एकमेकांची पाठ खाजवत म्हातारे झालेले, एकमेकांना शाली पांघरत, एकमेकांच्या पुस्तकांना प्रस्तावना लिहीत. अध्यक्षबाई सर्वांत थोर, कारण सर्वांत कमी ऐकू येणाऱ्या. त्यांच्या शेजारी दाढीवाले प्राध्यापक, मग सतत खोकणारे एक, मग झोपेचं सोंग करणारे एक. खोलीला दोन मोठ्या खिडक्या होत्या आणि अकराचं लख्ख ऊन टेबलावरच्या काचेतून डोळ्यांत येत होतं. मामांना उचलूनच आणावं लागलं होतं. त्यांचा पाय पट्ट्यांत गुंडाळलेला होता.

भाची फाइल घेऊन आली. फाइलमध्ये दोन कागद होते. एकावर तिची पाटी. दुसऱ्यावर पहाटे लिहिलेली: 'गुहेत सापडलेली हाडे. चऱ्यांचा कर्ता अज्ञात.' दुसरा कागद तिने का लिहिला ते तिने स्वतःला विचारलं नव्हतं.

"वाच, बाळ," अध्यक्षबाई म्हणाल्या.

तिने वर पाहिलं. पाच म्हातारे चेहरे तिच्याकडे लागले होते. ओरडा होईल, अपमान होईल, 'कालची पोर' असं ऐकावं लागेल, याची तिने तयारी केली होती. पण कुणी चिडलेलं नव्हतं. झोपेचं सोंग करणारेही जागे होते. पाचही जण तिच्याकडे दयायाचना करावी तसे बघत होते, आणि नेमकं तेच तिला सहन झालं नाही. या लोकांनी एकदा तरी उभं राहून खरं बोलावं! एकदा तरी! ते बोलणार नव्हतेच. त्यांनी ते चाळीस वर्षं टाळलं होतं, आणि आता तिनेही टाळावं म्हणून लाचारासारखे बघत होते. मामांचा पट्ट्यांतला पाय तिला दिसत होता. तिने त्याच्याकडे पाहायचं नाही असं ठरवलं.

तिने पहिला कागद काढला.

"'साळिंदराने कुरतडलेली हाडे,'" तिने वाचलं. आवाज चांगला खणखणीत लागला.

खोकणारे खोकले नाहीत.

"माझ्याकडे मोजमापं आहेत," ती म्हणाली. "सगळ्या हाडांची. वरच्या दातांचे खळगेही दाखवते. तुम्हाला काही शंका असेल तर..."

"शंका नाही. शब्द उच्चारून झाला," दाढीवाले प्राध्यापक म्हणाले.

"मंजूर," अध्यक्षबाई म्हणाल्या. "कुणाची हरकत?"

कुणाचीही नव्हती. प्राध्यापकांनी कागद पुढे ओढून सही केली आणि शेजारी सरकवला. पाच सह्या झाल्या. मामांची शेवटची, नेहमीसारखी वळणदार. चाळीस वर्षांचं खोटं दीड मिनिटात आडवं झालं होतं. भाची जिंकली होती. आता आपल्याला आनंद व्हायला हवा, हे तिच्या लक्षात आलं आणि ती त्याची वाट पाहत राहिली.

सुतार वर हातोडे मारत होते. मग ते थांबले.

खालून, पायांखालच्या लाकडी फळ्यांच्या आतून कुठून तरी, एक लांब ओढ ऐकू आली. थांबली. पुन्हा आली, आता टेबलाच्या जवळून. भाचीने पाचही जणांकडे पाहिलं, कुणीतरी काहीतरी म्हणेल म्हणून. बहिऱ्या अध्यक्षबाईंनी आवाजाच्या दिशेला मान वळवलेली होती.

मग अध्यक्षबाईंनी चपला काढल्या आणि पाय खुर्चीवर वर घेऊन मांडी घातली. घाई न करता, जेवायला बसावं तशी. दाढीवाल्यांनी गुडघे छातीशी घेतले. खोकणाऱ्यांनी काठी टेबलावर ठेवली आणि दोन्ही पाय वर ओढले. सोंगाड्यांनीही. कुणी कुणाकडे पाहिलं नाही. हे त्यांनी पूर्वी केलेलं होतं, एकत्र, पुष्कळ वेळा. त्यांच्या हालचालींना सराव होता. मामांचा पाय उचलत नव्हता. त्यांनी तो दोन्ही हातांनी, तान्ह्या मुलाला घ्यावं तसा उचलला आणि आपल्याच मांडीवर आणून ठेवला. मग त्यांनी भाचीकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, आणि त्यामुळे तिला पहिल्यांदाच भीती वाटली.

टेबलाखाली काहीतरी कोरडं खुळखुळलं.

"बस ना, बाळ," अध्यक्षबाई हळूच म्हणाल्या. "अशी उभी राहू नकोस."

भाचीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. खोलीत खुर्च्या पाचच होत्या.